हळदीचं फूल कुणी पाहिलंय?

श्रोतेहो, नमस्कार.

सुरुवातीलाच एक विचारते. हळदीचं फूल तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? हळदीवाचून आपल्या घरात एक दिवस जात नाही. फोडणीत हळद, खरचटलं की हळद, नवरीला हळद, खंडोबाला भंडारा. पण फूल? गेल्या वर्षी गौरीच्या दिवसांत शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आमच्या गच्चीवर आल्या, कुंडीपाशी थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे कसलं गं कमळासारखं?" हातात कुंकवाचा करंडा, समोर हळदीचं फूल, आणि ओळख काही पटेना!

माझं माहेर सांगलीजवळचं, कृष्णाकाठचं. हळदीच्या रानातच वाढले म्हणा ना. आता लावते ती गच्चीवर, बारा पिशव्यांत. ऐकणारे शेतकरी हसतील, बारा पिशव्यांची कसली आलीय शेती! हसा. पण खणताना बोटं पिवळी व्हायची ती होतातच.

तर फुलाबद्दल. श्रावण-भाद्रपदात पानांच्या पुंगळीतून मधोमध एक दांडा वर येतो. त्यावर छोट्या द्रोणांची चळत रचल्यासारखी दिसते. खालचे द्रोण पोपटी, वरचे पांढरे, टोकाला गुलाबी झाक. सगळ्यांना वाटतं हेच फूल. तसं नाहीये. ती फुलाला आडोसा देणारी पानं. जरा वाकून खालच्या द्रोणात डोकावलात, तर आत फिकट पिवळं, नाजूक, मध्यावर गडद पिवळा पट्टा असलेलं खरं फूल दिसेल. पाऊस पडून गेला असेल तर त्याच द्रोणात दोन थेंब पाणीही साठलेलं असतं. फूल दिवसभरात मान टाकतं, दांडा मात्र बरेच दिवस टिकतो. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरलात तर हिची रानटी बहीण, रानहळद, दिसेल. तिची फुलं चांगली पिवळीजर्द.

आता गंमत बघा, एवढं फुलून हळदीला बी काही धरत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बीज नीट तयारच होत नाही. म्हणून हळद लावायची ती गड्ड्यानेच. तुमच्या कुंडीतली हळद म्हणजे कुणाच्या तरी पणजीच्या परसातल्या गड्ड्याचाच तुकडा, हातोहात पुढे आलेला.

यावरून आठवलं. दरवर्षी कुणीतरी मला सांगतं, "मी वाण्याकडचं हळकुंड लावलं, दोन महिने पाणी घातलं, काहीच उगवलं नाही." कसं उगवेल? ते शिजवून वाळवलेलं असतं, त्यातला जीव कधीच गेला. लावायला हवं बेणं. पिकाच्या मधला मोठा गड्डा असतो ना, ज्याच्या अंगाला बाकीची बोटं फुटतात, त्याला आमच्याकडे जेठा गड्डा म्हणतात. तो पन्नास ग्रॅमच्या वरचा, टणक आणि ठसठशीत डोळ्यांचा असावा. तो नाही मिळाला तर बाजूचे बगलगड्डे किंवा जाड ओलं हळकुंडही चालतं. सांगलीकडे सेलम नावाचं वाण जास्त. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राचं 'फुले स्वरूपा' हे वाण आहे. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये आणि वसमतच्या हळदीला 2024 मध्ये. पण मी म्हणेन नावामागे फार धावू नका. आपल्या भागात जे रुजलंय, ते ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागून आणा. चार गड्ड्यांना कुणी नाही म्हणत नाही.

अक्षय्य तृतीया झाली की बेणं बाहेर काढायचं आणि मृग निघायच्या आत मातीत घालायचं. कुंडी किंवा पिशवी पंधरा इंच तरी खोल आणि तेवढीच रुंद घ्या. हळद खाली जाते त्याहून जास्त बाजूला पसरते. मातीत निम्मं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. डोळा वर करून गड्डा दोन इंच खोल ठेवायचा, वर पालापाचोळा. मग कोंब वर यायला तीन-चार आठवडेही लागतात. या दिवसांत पाणी बेताचं. माती उकरून बघू नका, कोंब मोडतो. हे मी माझ्या नातवाला दरवर्षी सांगते आणि तो दरवर्षी बघतोच.

ऊन दिवसभर कडक नसलं तरी हिला चालतं. आंब्याच्या, नारळाच्या विरळ सावलीतही ती खुशीत वाढते. ओल हवी, पण पाणी साचलं की कंदकुज लागलीच समजा. पिशवीची भोकं पावसाआधी काडी घालून मोकळी करून घ्या.

आणि आता जे सांगणार आहे, ते या बोलण्यातलं सगळ्यात कामाचं. भरणी. लागणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी हळदीच्या बुडाशी मातीची भर घालायची. शेतात माझे वडील मजूर बायका लावून दोन दिवस हेच काम करत, आणि मला वाटायचं, चांगलं वाढलेलं पीक, त्याला पुन्हा माती कशाला? नंतर कळलं. पावसाने माती धुपते आणि गड्डे उघडे पडतात. ऑगस्टच्या सुमारास काळसर, लांब पायांची, मोठ्या डासासारखी एक माशी फिरू लागते, ती कंदमाशी. ती बुडाशी, उघड्या गड्ड्याजवळ अंडी घालते. अळ्या कंदात शिरतात आणि त्यांच्या मागोमाग बुरशी. वरून झाड हिरवं, आत चोथा. कुंडी म्हणूनच काठोकाठ भरू नये, चार बोटं जागा ठेवावी आणि भरणीला शेणखत मिसळलेली माती घालून ती भरावी. खताचं म्हणाल तर दीड महिन्यांनी एकदा आणि भरणीला एकदा, बास. पुढे नत्र देत राहिलात तर नुसता पाला माजतो.

पाल्यावरून आमच्या घरातलं भांडण सांगते. माझं सासर मालवणकडचं. सासूबाईंच्या लेखी हळद लावायची ती पानांसाठी! नागपंचमी आली की त्या सुरी घेऊन गच्चीवर. ओल्या पानावर तांदळाचं पीठ पसरायचं, त्यावर गूळखोबऱ्याचं चूण, पान दुमडायचं आणि उकडायचं. पातोळ्या. गोव्यातही करतात. झाकण काढल्यावर जो वास सुटतो, त्यापुढे मी काय बोलणार! पण पान कापलं की गड्ड्याचं जेवण तुटलं, हे मला माहेरी शिकवलेलं. शेवटी तह झाला: दोन पिशव्या सासूबाईंच्या, दहा माझ्या. आजही एका रोपाची एक-दोन बाहेरची पानंच काढायची, असा घरात कायदा आहे.

डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडतात, मग वाळून लोळतात. गच्चीवरच्या पहिल्या वर्षी, मी शेतकऱ्याची मुलगी असूनही, घाबरले. वाटलं पाणी कमी पडलं. सकाळ-संध्याकाळ झारी आणि वर पेंडीचं पाणी. पंधरा दिवसांनी खणलं तर निम्मे गड्डे मऊ, घाण वास. वडिलांना फोन केला. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "पोरी, ती झोपायला निघाली होती, तू तिला जेवायला उठवलंस." पाला वाळायला लागला की पाणी तोडायचं. लागणीपासून आठ-नऊ महिने झाले, पाला पूर्ण वाळला, की तो कापून चार दिवस तसंच ठेवायचं आणि मग खणायचं.

एका पिशवीत खंडीभर निघत नाही. शिवाय पाच किलो ओल्या हळदीची वाळून जेमतेम किलोभर होते. म्हणून थोडी ओलीच ठेवा, लिंबू-आलं घालून लोणचं करा. बाकीची धुऊन शिजवायची. माहेरी यासाठी मोठी काहिल असायची, पहाटे चुलाण पेटायचं आणि सगळ्या वस्तीला तो मातकट, तिखटसर वास. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आलेत. घरी पातेलं पुरतं. जेठे गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी शिजवा, कारण जाडीप्रमाणे वेळ बदलतो. पाऊण ते एक तास, फेस येतो, आणि काडेपेटीची काडी हळकुंडात सहज घुसली की उतरवायचं. शिजवल्याने रंग आतपर्यंत सारखा पसरतो आणि वाळतेही लवकर. पंधरा दिवस उन्हात. मोडलं की 'कट्ट' असा आवाज आला पाहिजे.

पूड मात्र उजेडात ठेवू नका, हिचा रंग उन्हाने उडतो. साडीवर हळद सांडली तर साबण लावल्यावर डाग लाल होतो, तेव्हा दचकू नका. चुन्याने हळदीचं कुंकू होतं ना, तसलाच तो प्रकार. धुऊन उन्हात टाका, बहुतेकदा फिका पडतो.

आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खणलेली, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हवा नाही म्हणून कीड नाही. पेव उघडलं की आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर कुणी उतरायचं नाही. 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली. माझं पेव म्हणजे जिन्याखालची एक घमेली, वाळूने भरलेली. यंदाचे नऊ जेठे गड्डे त्यात आहेत. काल सकाळी वाळू बाजूला करून बघितली, तर तिघांचे डोळे फुटलेत. नातवाला अजून सांगितलेलं नाही.

नमस्कार.