पॉइंट्स इथेच जमवायचे असतात

मंडळी, नमस्कार. आधीच सांगतो, मी कोणाला ऑस्ट्रेलियाला नेत नाही, माझी एजन्सी नाही, मी वकीलही नाही. मी डिझेल मेकॅनिक. आयटीआय करून इथेच कामाला लागलो, आणि आता बायकोमुलांसकट अ‍ॅडलेडला असतो. गणपतीला आलोय तर वाडीतली पोरं म्हणाली, दादा तू एकेकाला ओट्यावर बसून ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचं सांगतोस त्यापेक्षा एकदा चिपळुणात सगळ्यांना बोलवून सांग. म्हणून हे.

आपल्याकडे परदेश म्हटलं की गल्फ. दापोली, खेड, मंडणगड, रत्नागिरी, तिकडे श्रीवर्धन, कुठल्याही गावात जा, दोन घरं सोडून तिसऱ्या घरातला कोणीतरी सौदीला नाहीतर दुबईला असतोच. तिथली पद्धत आपल्या अंगवळणी पडलीये, म्हणजे कंपनी व्हिसा काढणार, एजंट कागद फिरवणार, आपण पासपोर्ट द्यायचा आणि मेडिकलला जायचं, नोकरी सुटली की सामान बांधून घरी. त्यामुळे स्किल्ड व्हिसा म्हटलं तरी आपण तसंच धरून चालतो, की कोणीतरी करेल, आपण पैसे भरायचे. पण ह्या व्हिसात कंपनीच नसते. तिथलं सरकार थेट तुमच्याकडे बघतं, तुमचं वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी, ह्याचे पॉइंट्स लावतं आणि ठरवतं की हा माणूस कायमचा राहायला यावा का. ही पद्धत पहिल्यांदा कॅनडाने १९६७ साली आणली, त्याआधी माणूस कुठल्या देशाचा हे बघायचे, मग काय येतं ते बघायला लागले. आपल्यासारख्यांना दार उघडलं ते तिथे.

आता ऑस्ट्रेलियाचा हिशोब सांगतो, कारण मी त्यातून गेलोय. किमान ६५ पॉइंट्स लागतात. वय २५ पूर्ण ते ३३ च्या आत असेल तर ३०, म्हणजे जवळपास निम्मे पॉइंट्स नुसत्या वयाचे. ३३ लागलं की २५, ४० लागलं की १५, आणि ४५ झालं की अर्जच नाही. हे वय तुम्ही फॉर्म भरला त्या दिवशीचं नाही, सरकारकडून अर्ज करायचं बोलावणं येतं त्या दिवशीचं धरतात. म्हणून जो ३२ वर्षांचा आहे आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतोय त्याला मी हात जोडून सांगतो, पुढच्या वर्षी बघू नको.

एक उदाहरण घेऊ. लोट्याच्या एमआयडीसीत वेल्डर आहे, वय २९, आयटीआय झालेला, अनुभव पाच वर्षांचा मान्य झाला, लग्न झालेलं नाही. वयाचे ३०. आयटीआय तिथल्या संस्थेने मान्य केलं तर १०. पाच वर्षांचे १०. आयईएल्टीएस म्हणजे इंग्रजीची परीक्षा, तिच्यात चारही विषयांत ७ काढले तर १०. एकटा आहे म्हणून १० (लग्न झालेलं असेल तर बायकोचं वय, कौशल्य आणि इंग्रजी बघतात, तिचंही कौशल्य मान्य झालं तर तेच १०, नुसतं इंग्रजी पुरेसं असेल तर ५). झाले ७०. एखाद्या राज्याने नाव सुचवलं, ज्याला १९० नंबरचा व्हिसा म्हणतात, तर आणखी ५. ४९१ म्हणजे सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी भागात राहायचा, त्याला १५, पण तो आधी पाच वर्षांचा तात्पुरता असतो, तिकडे तीन वर्षं राहून काम करून मग कायमचा होतो. अ‍ॅडलेड, पर्थ ह्या बाकी भागातच मोडतात, तेव्हा बाकी भाग म्हणजे रान असं डोक्यात आणू नका.

६५ झाले म्हणजे बोलावणं आलंच असं मात्र नाही. सगळे एका रांगेत असतात आणि वरून घेतात. आयटीवाल्यांची, अकाउंटंटची रांग इतकी मोठी आहे की ८५-९० ला पण थांबावं लागतं. उलट अलीकडच्या काही फेऱ्यांत सुतार, इलेक्ट्रिशियन, गवंडी अशा हातकामाच्या लोकांना ६५ वर बोलावणं आलंय. आपल्याकडे अजून पोरगा इंजिनियर झाला नाही आयटीआयला गेला की घरात तोंड पाडून बसतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, तिकडे चांगल्या मेकॅनिकला, सुताराला मान आहे आणि पैसाही आहे.

आता मला जे खरं सांगायचंय त्याच्याकडे येतो. मगाशी मी म्हटलं अनुभव पाच वर्षांचा "मान्य झाला". लोट्यात पाच वर्षं वेल्डिंग केलं आणि पाच वर्षं मान्य झाली ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉइंट्स तुम्ही केलेल्या कामाला मिळत नाहीत, त्या कामाचा कागद असेल तर मिळतात. आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, इंग्रजीत नाही, पैशात नाही, इथे.

मी ज्या गॅरेजात शिकलो तिथे पगार हातात रोख. मालक माणूस चांगला, सणाला दोनशे-पाचशे वर द्यायचा, पण ना पगारपत्रक ना पीएफ, कामावर आल्याचं पत्र पण नाही. इंजिन उघडायचं कसं ते मी तिथे शिकलो आणि ती वर्षं हिशोबात शून्य. नंतर कंपनीत लागलो, पगार बँकेत यायला लागला, तिथून पुढची वर्षं धरली गेली. आज ह्या हॉलमध्ये बसलेल्या किती जणांचा पगार रोख येतो ते तुम्हीच मनात बघा.

मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, शेफ ह्यांच्या कौशल्याची तपासणी टीआरए नावाची तिथली सरकारी संस्था करते. इंजिनियरची, नर्सची, आयटीची वेगळी. टीआरए आधी कागद बघते, मग तांत्रिक मुलाखत किंवा प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. प्रत्यक्ष कामाला आपली पोरं कधीच अडत नाहीत हो, कोकणातला पोरगा जुगाड पण करतो आणि नीट काम पण करतो. अडतात ती कागदाला. लेटरहेडवर पत्र पाहिजे, त्यात कधीपासून कधीपर्यंत होता, हुद्दा काय, आठवड्याला किती तास (२० च्या खाली असेल तर मोजत नाहीत), पगार किती, आणि रोज काय काम करायचा ते सविस्तर. "वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा" ह्या पत्राचा उपयोग शून्य. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन, आणि तो फोन उचलला गेला पाहिजे कारण ते खरंच फोन करतात. आणि त्या पत्राला आधार म्हणून बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक. ज्याचं स्वतःचं गॅरेज किंवा वर्कशॉप आहे त्याने उद्यम नोंदणी, इन्कम टॅक्सचे रिटर्न, बिलबुकं, सामान घेतल्याची बिलं, सगळं ठेवायचं. टॅक्स लागत नाही म्हणून रिटर्न भरत नाही असं म्हणू नका, शून्याचं रिटर्न पण तुम्ही धंदा करत होतात हे सांगतं.

आणि सगळी वर्षं पॉइंट्समध्ये येतात असंही नाही, काही वर्षं तुम्ही कुशल कारागीर आहात हे ठरवण्यातच खर्च होतात, उरलेल्यांचे पॉइंट्स, आणि तेही मागच्या दहा वर्षांतले फक्त. म्हणून पाच वर्षांचे पॉइंट्स पाहिजे असतील तर पाचपेक्षा जास्त वर्षांचा कागद लागतो हे धरून चाला.

गल्फहून आलेल्यांना वेगळं सांगतो, तुमचा तिकडचा अनुभव पण चालतो, भारतातलाच पाहिजे असं काही नाही. पण कंपनीचं पत्र, कॉन्ट्रॅक्ट, पगार बँकेत आल्याचं स्टेटमेंट, इकामाच्या म्हणजे तिकडच्या राहण्याच्या परवान्याच्या कॉपी, हे सगळं निघायच्या आधी घ्या, एकदा परत आलात की तिकडचा एचआर कोण ओळखतो तुम्हाला. पोलीस क्लिअरन्सचं पण तेच, मागच्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात मिळून वर्षभर राहिलात त्या प्रत्येक देशाचं लागतं, ते तिकडे असताना काढणं सोपं जातं. ज्यांचे भाऊ आत्ता तिकडे आहेत त्यांनी आज रात्रीच फोन करून सांगा.

चिपळुणात आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा किती जणांच्या मार्कशीटा, आयटीआयची सर्टिफिकेटं, जुने करारपत्र चिखलात गेले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात कागद ठेवायची आपली सवय. बोर्डाची, आयटीआयची डुप्लिकेट मिळते, वेळ जातो पण मिळते, बंद पडलेल्या कंपनीचं पत्र मात्र कोण देणार. तेव्हा प्रत्येक कागद रंगीत स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर टाका, डिजीलॉकरला जे येतं ते घ्या. ह्याला पैसे पडत नाहीत.

आणि नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधेच, आधारवर स्पेलिंग वेगळं, ताईंचं तर लग्नाआधीचं वेगळं नंतरचं वेगळं. तिकडच्या ऑफिसरला ही तीन माणसं वाटतात. जमेल ते आधार-पॅन-पासपोर्ट एकसारखं करून घ्या, ज्यांनी लग्नानंतर नाव बदललंय त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, आणि उरलेल्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं अ‍ॅफिडेव्हिट. अर्जाच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा मे महिन्यात निवांत करा.

इंग्रजीची भीती घेऊ नका. ७ ला १०, चारही विषयांत ८ काढले तर २०, म्हणजे पाच वर्षं घाम गाळून जे मिळतं ते सहा महिने नीट अभ्यास करून मिळू शकतं. आणि मराठीचे पण ५ पॉइंट्स आहेत! नाटी म्हणून संस्था आहे, तिची सीसीएल परीक्षा मराठीत देता येते. दोन संवाद ऐकवतात, एक माणूस इंग्रजी बोलतो एक मराठी, आणि तुम्ही मधे बसून इकडचं तिकडे सांगायचं, ९० पैकी ६३ पाहिजेत. आपल्याला वाटतं मराठी तर येतेच, पण विषय असतात दवाखाना, कोर्ट, विमा, शाळा, घरभाडं. "डिस्चार्ज", "अपील", "कंपेन्सेशन" ह्याला मराठीत पटकन काय म्हणायचं हे तोंडावर यायला पाहिजे. रोज पेपर मोठ्याने वाचा, त्यातल्या कोर्टाच्या बातम्या वाचा, एकाने इंग्रजी बोलायचं दुसऱ्याने मराठीत सांगायचं असं घरात करा. हे ५ पॉइंट्स सोडू नका.

एका ताईंची चिठ्ठी आलीये, एजंटने फाईल उघडायला लाखभर मागितले, द्यावे का. ताई, जिथे नाव नोंदवायचं त्या स्किलसिलेक्टवर नोंदणी फुकट आहे. ती दोन वर्षं चालते. बोलावणं आलं की ६० दिवसांत अर्ज, आणि खरी मोठी फी तेव्हा, मुख्य अर्जदाराला पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, ती सरकारला ऑनलाईन. तपासणीची, इंग्रजीची, मेडिकलची फी वेगळी, ती पण त्या त्या संस्थेला थेट. मदत पाहिजेच असेल तर ऑस्ट्रेलियासाठी तिथला नोंदणी असलेला मायग्रेशन एजंट घ्या, त्याचा नंबर असतो, सरकारी यादीत आपण बघू शकतो, कॅनडाचीही तशी यादी आहे. आणि कोणी म्हणालं अनुभवाचं पत्र आम्ही बनवून देतो तर तिथून उठून या. खोटं सापडलं तर ऑस्ट्रेलिया तीन वर्षं, कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, आणि नाव तुमचं जातं, एजंटचं नाही. पॉइंट्स पण आहेत तेवढेच लिहा, एक वर्ष वाढवून लिहिलं आणि बोलावणं आलं तरी अर्ज तिथेच नाकारतात, फी परत नाही.

कॅनडाचं थोडक्यात. तिकडे आधी १०० पैकी ६७ लागतात, मग एक्सप्रेस एंट्री म्हणून १२०० ची वेगळी रँकिंग आहे. त्या रँकिंगमध्ये नोकरीच्या ऑफरचे पॉइंट्स मार्च २०२५ पासून काढून टाकलेत. तरी अजून इथे लोक पैसे घेऊन "जॉब ऑफर आणून देतो, रँक वाढेल" सांगतायत, त्यांना विचारा कुठे वाढेल. जर्मनीचं चान्सेनकार्ट जून २०२४ ला सुरू झालं, त्यातही पॉइंट्स आहेत, पण ते नोकरी शोधायला वर्षभर जाण्यासाठी, कायमच्या राहण्याचं नाही, हे दोन एकत्र करू नका.

मागून काका विचारतायत, आईवडिलांना नेता येतं का. ह्या व्हिसावर बायको, नवरा, मुलं. आईवडील नाहीत. ते भेटायला येऊ शकतात, कायमचं यायचं तर वेगळा व्हिसा आणि त्याला एकतर खूप वर्षं नाहीतर खूप पैसा. हे घरात आधी बोला. माझी आई इथेच असते, कलमांवर फवारणीला माणूस बघायचा असेल तर मी तिथून फोन करतो आणि तिला ते आवडत नाही, मलाही आवडत नाही. ज्याचा एकच मुलगा आहे त्या घराने हे बोलल्याशिवाय आयईएल्टीएसची फी भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑस्ट्रेलियाचे आकडे आणि कामांची यादी दर वर्षी बदलतात, त्यांचं सरकारी वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून मी सांगितलेला आकडा पण अर्ज करायच्या दिवशी त्यांच्या होम अफेअर्स खात्याच्या साईटवर स्वतः बघायचा. अनुभवाच्या पत्रात काय काय असावं त्याचा नमुना मी मराठी-इंग्रजी दोन्हीत करून आणलाय, मागे टेबलावर आहे, झेरॉक्स घ्या, आणि ज्यांचा मालक अजून इथे आहे, गॅरेज अजून चालू आहे, त्यांनी सोमवारी जाऊन सही घ्या, नोकरी सोडायची वाट बघू नका. आणि पुढच्या महिन्यापासून पगार बँकेत टाकायला सांगा, मालक कुरकुर करेल, तरी सांगा.