कोतवाल बुकातलं नाव

(दृश्य : लोखंडी कपाट उघडतं. आत लाल कापडात बांधलेले गठ्ठे.)

या कापडाला रुमाल म्हणतात. दफ्तराचा रुमाल. चारी टोकं आत घ्यायची, वरून दोरी आवळायची आणि गाठीत एक चिठ्ठी खोचायची. मौजे अमुक, तालुका तमुक, सन इतके ते इतके. चिठ्ठी गळून पडली की आतला कागद असून नसल्यासारखा होतो. आम्ही चित्रीकरण केलं त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात बिनचिठ्ठीच्या गठ्ठ्यांचा एक अख्खा खण भरलेला होता.

(गाठ सुटते. धूळ. वहीचा पुठ्ठा.)

आत आहे गावाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. विदर्भात याला कोतवाल बुक म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात गाव नमुना नंबर १४ म्हटलं की रेकॉर्डवाल्यांना लगेच कळतं. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, जे शाळेत गेले नाहीत, ज्यांनी कधी कुठल्या कागदावर अंगठा उठवला नाही, अशा माणसांचं नाव सरकारदरबारी लागलं असेल, तर ते बहुधा इथेच. जन्माला आले तेव्हा एकदा आणि गेले तेव्हा एकदा.

ही ओळ वहीत कशी यायची? गावात माणूस गेला की कोतवालानं वर्दी द्यायची. लिहिता येणारा जो कोणी असेल, पाटील, कुलकर्णी, पटवारी, तो वहीत उतरवणार. मग ठरल्या दिवशी कोतवाल ती वही घेऊन ठाण्यावर किंवा कचेरीत जाणार आणि तिथला कारकून आपल्या रजिस्टरात नक्कल करून घेणार. पाऊस असो, नदीला पूर असो, वही पोचवायची. अनेक गावांत हे काम महार वतनदारांनी पिढ्यान् पिढ्या केलं. ज्यांच्या पायांनी ही वही चालली, त्यातल्या कित्येकांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. आज आपण या नोंदींवर बोट ठेवून ‘पुरावा’ म्हणतो, तेव्हा त्या पायपिटीची आठवण ठेवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

१८८६ साली जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचा कायदा आला, पण त्याखालची नोंदणी ऐच्छिक होती. सगळ्या देशाला एकच आणि बंधनकारक असा कायदा यायला १९६९ साल उजाडलं. त्याच्या आधीची बहुतेक गावनोंद सरकारी हुकमांवर आणि गावकामगारांच्या सवयीवर चालली. त्यामुळे एका गावाची वही टापटीप असते, शेजारच्या गावाची दोन-दोन वर्षं कोरी.

(दृश्य : मोडीचं पान. त्यावरून सरकणारं बोट.)

हे बोट एका निवृत्त शिक्षकांचं आहे. ते मोडी वाचतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्द कुठे संपला याची खूण नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, हात उचलायचा नाही. १९५० च्या आसपास मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेली. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या माणसालाही ती शिकवलेली नसते. गुरुजी निवृत्तीनंतर शिकले.

त्यांच्यासमोर बसलेल्या बाई आपल्या आजीचं नाव शोधायला आल्या आहेत. घरात एवढंच माहीत होतं, की आजी मानमोडीत गेली आणि तेव्हा वडील रांगत होते. आजीचा फोटो नाही. नाव विचारायला आता कुणी उरलेलं नाही. वडील तिला फक्त ‘आई’ म्हणायचे.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. शोध नेमका इथून सुरू होतो. घरातल्या आठवणींना सन नसतो, साथ असते, दुष्काळ असतो. ‘गाठीच्या तापात गेले’ असं कुणी म्हणालं तर तो प्लेग. तो १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला दिसला, पुढच्या वर्षी पुण्यात होता आणि नंतर कित्येक वर्षं गावोगाव फिरत राहिला. पटकी म्हणजे कॉलरा. छपन्नचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००. अशी एखादी खूण हाती आली की शंभर वर्षांचा शोध दोन-तीन वर्षांवर येतो. म्हणून तहसीलच्या पायऱ्या चढण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. तारीख विचारू नका. तेव्हा पाऊस होता का, पीक उभं होतं का, कोण किती मोठं होतं, असं विचारा.

(दृश्य : जिल्ह्याचा जुना नकाशा भिंतीवर.)

दुसरी गोष्ट गावाची. नोंद माणूस कुठला होता तिथे होत नाही, तो जिथे वारला तिथे होते. गावचा माणूस पुण्याच्या रुग्णालयात वारला, तर त्याची नोंद पुणे महानगरपालिकेत. ग्रामपंचायतीत ती सापडणार नाही आणि ‘नोंद नाही’ हे ग्रामपंचायतीचं उत्तर खरंच असेल. बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई तिथेच वारली असेल, तर माहेरच्या गावची वही बघायची. बायकांच्या नोंदी सासरी सापडत नाहीत, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

आणि जिल्हे फुटले आहेत. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. जालना त्याच वर्षी औरंगाबादमधून निघाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून, गडचिरोली त्याच वर्षी चंद्रपुरातून. नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून आणि पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. तालुकेही असेच फुटले. गाव नव्या तालुक्यात गेलं तरी जुनी वही जुन्या तालुक्याच्या कपाटात राहिलेली असू शकते. मराठवाड्यात तर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळे तिथल्या जुन्या कागदांत उर्दू भेटते. ‘आमच्या गावचं रेकॉर्डच नाही’ असं म्हणण्याआधी १९१८ साली किंवा १९४० साली आपलं गाव कुणाच्या हद्दीत होतं, ते शोधून काढा.

(दृश्य : नक्कल विभागाची खिडकी. अर्ज आत सरकतो.)

अर्ज साधा असतो. कोऱ्या कागदावर किंवा छापील नमुन्यावर. वर मौजे, तालुका, जिल्हा. मग मृत व्यक्तीचं नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलं जात असेल तर त्या सगळ्या तऱ्हा. अंदाजे सन, शक्यतो ‘अमुक ते अमुक’ असा. तुमचं नातं, ओळखपत्राची प्रत, कोर्ट फी स्टॅम्प. आणि पोहोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. या बाईंचा पहिला अर्ज असाच हरवला होता. पोहोच नव्हती, त्यामुळे तो कधी दिलाच नव्हता असं ठरलं. चार महिने गेले.

अलीकडच्या मृत्यूचं काम निराळं आणि सोपं आहे. गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका, तिथले निबंधक दाखला देतात. १९६९ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं, की कुणीही माणूस नोंदीचा शोध घ्यायला सांगू शकतो आणि दाखला मागू शकतो. त्या दाखल्यात मृत्यूचं कारण मात्र दिलं जात नाही. कायद्यानंच ते झाकलेलं आहे. म्हणून दाखल्यावर कारण नाही म्हणून भांडू नका. शोधूनही नोंद सापडली नाही, तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असं लेखी प्रमाणपत्र मागा, त्यासाठी नमुना १० ठरलेला आहे. तोंडी ‘नाही’वर घरी परत येऊ नका, कारण पुढच्या प्रत्येक टेबलावर हाच कागद मागतात. एक वर्षाहून जुन्या मृत्यूची नव्यानं नोंद करायची तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे.

तहसीलमध्ये अर्ज नुसता पडून राहिला, तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. अभिलेखाची पाहणी करू द्या, असंही त्यात मागता येतं, आणि जुन्या वह्यांसाठी मला तोच मार्ग जास्त चांगला वाटतो. कारण कारकून तुम्ही लिहिलेलं नाव शोधतो. तुम्ही स्वतः वही बघता तेव्हा आपलं घर शोधता.

दाखल्यावाचून वारसाचा फेरफार अडतो, विधवेची पेन्शन अडते, सातबाऱ्यावर मेलेली माणसं तशीच राहतात.

(दृश्य : २०२३ नंतरचं अभिलेख कक्ष. टेबलांवर उघड्या वह्या, रांगा.)

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभरातली ही कपाटं उघडली. या वहीत जातीचा रकाना आहे, त्यामुळे तिला अचानक किंमत आली. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. पानं स्कॅन झाली, अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. तुमचं गाव त्यात आहे का, हे घरबसल्या बघता येतं, आधी तेच बघा. पण शोध एका शब्दाचा होता. ज्या पानावर तो शब्द नव्हता, ते पान स्कॅन झालं असेलच असं नाही. बाकी सगळ्या जातींची, सगळ्या घरांची, सगळ्या लेकरांची पानं अजून त्याच रुमालात आहेत. ती सगळी स्कॅन व्हावीत, एवढ्यासाठी हा माहितीपट आम्ही केला.

(जवळून : वाळवीनं खाल्लेली कड. चिकटपट्टी लावलेलं पान.)

ही चिकटपट्टी कुणीतरी काळजीपोटीच लावली असणार. तिचा डिंक कागदात उतरला आणि खालची ओळ पिवळी पडून पुसट झाली. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही. लॅमिनेशन तर मुळीच नाही. पान उलटताना अंगठा जिभेला लावायचा नाही. कोपऱ्यातून नाही, मधून धरायचं आणि दुसऱ्या हाताचा आधार द्यायचा. गुरुजी हे प्रत्येक येणाऱ्याला सांगतात, अगदी साहेबांनासुद्धा.

(दृश्य : ऑक्टोबर १९१८ चं पान. कॅमेरा वरून खाली. निवेदन नाही. पंखा, पान उलटण्याचा आवाज. पुढचं पान. त्याच्या पुढचं पान.)

(बोट थांबतं.)

इथे गुरुजी एक शब्द वाचतात. ‘कोम’. जुन्या मराठी कागदांत पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ येतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. कोमनंतर आहे ते बाईंच्या आजोबांचं नाव, ते त्यांना ओळखू आलं. वय अंदाजे २२. कारण : ताप. त्या महिन्यात कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘ताप’ लिहिलं आहे, पुढे पुढे नुसती दोन टिंबं.

कोमच्या आधीचा शब्द गुरुजींनी दोनदा वाचला. मग शेजारच्या पानावरचं तेच अक्षर लावून पाहिलं. मग तिसऱ्यांदा वाचला, मोठ्यानं.

(दृश्य : बाईंचा चेहरा. नाव पडद्यावर झाकलेलं.)

नाव इथे दाखवलेलं नाही. ते आधी घरी सांगायचं आहे, असं बाई म्हणाल्या.

(दृश्य : नक्कल. शिक्का उमटतो.)

नकलेच्या पाठीवर तीन तारखा असतात. अर्ज आल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची. खाली दोन सह्या, एक नक्कल करणाऱ्याची, एक रुजवात घेणाऱ्याची. रुजवात म्हणजे मूळ वही आणि नक्कल शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहणं. खिडकीवरच उभं राहून तुम्हीही ती करून घ्या. गावाचं नाव, सन, वय, बिन की कोम. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळते. घरी गेल्यावर सापडली तर पुन्हा नवा अर्ज.

बाईंनी रुजवात केली. एका ठिकाणी सन १९१९ पडला होता. कारकुनानं वही परत मागवली, आकडा बघितला, नवी प्रत लिहून दिली.

(दृश्य : वही मिटते. रुमालाची चार टोकं आत दुमडली जातात. दोरी. गुरुजी नवी चिठ्ठी लिहितात, मोडीत एक ओळ, खाली बाळबोधीत तीच ओळ. गाठीत चिठ्ठी खोचतात.)