काढलेली मुद्रा, घातलेली मुद्रा

बर्लिनच्या संग्रहालयात बॅबिलोनच्या उत्खननातून आलेल्या काही मातीच्या पाट्या आहेत. बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या राजवाड्यातून कोणाला किती तेल दिले, याचा हिशेब त्यांवर कोरलेला आहे; त्यातली एक पाटी इ. स. पू. ५९२ मधली आहे. तेल घेणाऱ्यांच्या यादीत यहूदा या ज्यू राज्याचा राजा यहोयाखीन आणि त्याची पाच मुले आहेत. पाच वर्षांपूर्वी यरुशलेमहून कैद करून आणलेला, दावीद राजाच्या गादीचा हा वारस शत्रूच्या कोठारातून मोजून मिळणाऱ्या शिध्यावर दिवस काढत होता.

याच घराण्याला देवाने शब्द दिला होता. बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीदाला सांगतो, की तुझे राजासन सर्वकाळ टिकेल. वंशजाने अपराध केला तर त्याला शिक्षा होईल, पण आधीचा राजा शौल याच्यावरची कृपा काढून घेतली तशी त्याच्यावरची काढून घेतली जाणार नाही. इथे कोणतीही अट दिसत नाही. १३२व्या स्तोत्रात मात्र तेच वचन ‘तुझ्या मुलांनी माझा करार पाळला तर’ या अटीसह येते. पुढे यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात परमेश्वर यहोयाखीनाविषयी म्हणतो, की तो माझ्या उजव्या हातातली मुद्रा, म्हणजे शिक्क्याची अंगठी, असता तरी मी त्याला उपटून टाकले असते. त्याची नोंद निःसंतान अशी करा, कारण त्याच्या वंशातला कोणीही दावीदाच्या गादीवर बसणार नाही. पाच मुलांच्या बापाविषयीचे हे शब्द आहेत.

मग देव दिलेला शब्द फिरवतो का? शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाचा पंधरावा अध्याय या प्रश्नाला दोन्ही उत्तरे देतो. अकराव्या ओवीत शौलाला राजा केल्याचा परमेश्वराला पस्तावा होतो, एकोणतिसाव्या ओवीत शमुवेल बजावतो की पस्तावा करायला तो मनुष्य नव्हे, आणि अध्याय संपताना पुन्हा त्याच पस्ताव्याचा उल्लेख येतो. इतक्या जवळजवळ ठेवलेली ही विधाने नजरचुकीने राहिली असतील असे मला वाटत नाही. ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला, त्यांना दोन्ही हवी होती.

यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या घरी एक नियम सांगितला आहे. ज्या राष्ट्राच्या नाशाची घोषणा झाली ते वाईटापासून वळले तर नाश टळतो, आणि ज्याला भल्याचे आश्वासन मिळाले ते बिघडले तर आश्वासनही मागे घेतले जाते. निनवे चाळीस दिवसांत उलथून पडेल असे योना संदेष्टा सांगतो, पण लोक पश्चात्ताप करतात आणि शहर वाचते. तुझे घराणे निरंतर माझी सेवा करील असे मी म्हणालो होतो खरे, पण आता ते होणे नाही, असे एली याजकाला ऐकवले जाते, तेही याच नियमाने.

दावीदाला दिलेले वचन मात्र या नियमात सहज बसत नाही, कारण ते शपथेवर दिलेले आहे, आणि ते न बसणे ८९व्या स्तोत्राने पुरते सोसले आहे. या स्तोत्रात आधी देव स्वतः म्हणतो, की माझा करार मी मोडणार नाही, दावीदाशी मी खोटे बोलणार नाही. त्यानंतर अवघ्या चार-पाच ओव्यांत स्तोत्रकर्ता देवाच्याच तोंडावर म्हणतो, की तू करार झिडकारलास, राजाचा मुकुट धुळीत टाकलास. प्रभू, तू शपथ वाहून जी प्रेमदया देऊ केली होतीस ती कोठे आहे? या प्रश्नाला स्तोत्रात उत्तर मिळत नाही. तरीही हे स्तोत्र प्रार्थनासंग्रहात राखले गेले, आणि मला ही शास्त्राच्या प्रामाणिकपणाची सर्वांत मोठी खूण वाटते. शब्द दिलेलाच नसता, तर असा जाब विचारण्याचा आधार त्या माणसाला उरला नसता.

इ. स. पू. ५२० मध्ये, बंदिवासातून परतलेल्यांचे मंदिराचे काम पुन्हा सुरू झाले होते, तेव्हा हाग्गय संदेष्टा यहोयाखीनाच्या नातवाला, जरुब्बाबेलाला, परमेश्वराचा निरोप देतो: मी तुला मुद्रेसारखा करीन, कारण मी तुला निवडले आहे. आजोबाच्या संदर्भात हातातून उपटलेली मुद्रा नातवाच्या रूपाने पुन्हा हातात येते. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात रब्बी (धर्मगुरू) योहानान यांचे मत नोंदले आहे, की बंदिवासाने सर्व पापांचे प्रायश्चित्त होते. त्याला दाखला म्हणून ते निःसंतान ठरवलेल्या याच राजाला पुढे झालेल्या संततीकडे बोट दाखवतात.

तरीही जरुब्बाबेल राजा झाला नाही. तो पर्शियन साम्राज्याचा सुभेदारच राहिला. घराणे टिकले, म्हणजे नाथानाचा शब्द उरला. गादी रिकामी राहिली, म्हणजे यिर्मयाचाही उरला. मत्तयाने शुभवर्तमानाच्या आरंभी येशूची वंशावळ देताना यखन्या, म्हणजे हाच यहोयाखीन, आणि जरुब्बाबेल ही दोन्ही नावे घेतली आहेत, आणि ख्रिस्ती वाचक वचनाची पूर्तता तिथे पाहतात. ज्यू परंपरेत ती अद्याप व्हायची आहे: रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल समाजाच्या सिनेगॉगांसह जगभर म्हटल्या जाणाऱ्या नित्याच्या प्रार्थनेत दावीदाचा अंकुर लवकर फुलू दे, अशी मागणी आजही केली जाते.