पेटीवर रेमो

(दृश्य : गोव्यातलं फोंडा. तिन्हीसांजा. देवळाच्या सभामंडपात भजन चाललंय. पेटीवरची म्हातारी बोटं.)

गंभीर गाणं कशाला म्हणायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकीबुवा मंगेशीचे. केसरबाई केरीच्या, मोगूबाई सांग्याकडच्या कुर्डीच्या. जत्रेच्या नाटकात नाट्यपदाची एक जागा हुकली तरी मागच्या रांगेतला नारळवाला मान हलवतो.

अशा गावात ‘रेमो फर्नांडिस हा मोठा कलाकार’ असं म्हणून बघा. समोरचा विचारतो, ‘कोण, तो गिटारवाला?’

मीही हेच विचारायचो. पुष्कळ वर्षं.

(दृश्य : शिवोली. चर्चचे दोन मनोरे. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल. एका जुन्या घराचं बाल्कांव, म्हणजे दारापुढचा ओटा.)

रेमोचा जन्म 1953 चा, पणजीचा. मूळ घर शिवोलीचं. मुंबईला जे. जे. मध्ये शिकून आर्किटेक्ट झाला, पण घरं बांधायच्या भानगडीत न पडता गोव्याला परतला आणि गाणी करू लागला.

परतला, हा शब्द महत्त्वाचा आहे. तोवर गोव्याच्या वादकाची वाट एकच होती. सासष्टी, बार्देश या तालुक्यांतून निघायचं आणि मुंबईच्या स्टुडिओत जाऊन बसायचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचे वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसोझा. हिंदी सिनेमाचं अर्धं सोनं या माणसांच्या हातांनी घडलं आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं लागलं. रेमोने ही वाट नाकारली. मला ऐकायचं असेल तर मी जिथे आहे तिथलं ऐका, असा त्याचा बाणा.

(दृश्य : फिरणारी कॅसेट. जवळून. रिळांवरची तपकिरी फीत.)

1984 साली रेमोची ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट आली. घरी केलेली. आणि ती कशी केली, इथे जरा थांबायला हवं.

कॅसेटची फीत आपण दोन बाजूंनी वाजवतो. प्रत्येक बाजूला दोन, असे तिच्यावर एकूण चार पट्टे असतात. चार ट्रॅकचं यंत्र हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरतं. पहिल्यावर गिटार भरायची. ती कानात ऐकत दुसऱ्यावर बास, मग तिसऱ्यावर ताल. आता एकच पट्टा उरला आणि बासरी बाकी, गळा बाकी, मागच्या कोरसचे तीन आवाज बाकी. मग काय करायचं? पहिले तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. एकदा उतरवलं की संपलं. बास थोडा कमी हवा होता असं मागाहून वाटलं, तर इलाज नाही. प्रत्येक फेरीला फितीची खरखरही वाढत जाते. म्हणजे पहिली तार छेडायच्या आधी शेवटचा कोरस डोक्यात पूर्ण वाजलेला असावा लागतो.

वाद्यं त्याचीच, आवाज त्याचेच, शब्द त्याचे, मुखपृष्ठही त्याने काढलेलं. आणि कॅसेटी तयार झाल्यावर तोच स्कूटरवर घालून दुकानोदुकानी देत फिरला.

आमच्या बुवांच्या रियाजाबद्दल आपण हात जोडून बोलतो. मग याला काय म्हणायचं? मला तरी दुसरा शब्द सापडत नाही.

(दृश्य : हणजुण्याचा किनारा. ओहोटी. रिकामे शॅक.)

1986 ची ‘पॅक दॅट स्मॅक’ ही कॅसेट तर गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, विरोधातली. त्या काळात आमच्या किनाऱ्यांवर गर्द आली होती, पोरं वाया जात होती, आणि घराघरांत त्यावर कुजबुजण्यापलीकडे कुणी जात नव्हतं. पॉप गायकाने त्यावर उघड गाणं केलं, तेही ज्या तरुणांसमोर म्हणायला हवं त्यांच्याच समोर. त्याच काळात पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असताना रेमोने त्यांना उद्देशून एक गाणं समोर उभं राहून गायलं, आणि त्यात गोव्याची गाऱ्हाणी सरळ मांडली. इथे गहजब झाला. पाहुण्याचा अपमान केला म्हणून त्याला झोडपलं. नंतर खुद्द राजीव गांधींनीच गाणं आवडल्याचं त्याला कळवलं.

आमच्या घरात मात्र तो नावडता होण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे निवेदन खरं होणार नाही.

डिसेंबर 1986. भाषेवरून गोवा पेटला होता. माणसं मेली. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा. 30 मे ला घटकराज्य आलं. आमचं घर कट्टर मराठीवादी. तेव्हा कोकणीत गाणारा प्रत्येक गळा आम्हाला पलीकडच्या बाजूचा वाटायचा. घरात बोलायचो कोकणीतच, पण कोकणी गाणं लागलं की वडील रेडिओचा कान पिळायचे. त्यात हा किरिस्तांव, लांब केसांचा, इंग्रजीत गाणारा. ऐकायचा प्रश्नच नव्हता.

न ऐकता आम्ही त्याला उथळ ठरवलं. हा अन्याय होता, आणि तो माझ्या घराने केला.

(दृश्य : केरी. केसरबाईंच्या गावचा रस्ता, कुळागर, पाण्याचा पाट.)

असा अन्याय करायची आम्हाला जुनी सवय आहे. केसरबाई 1892 साली कलावंत समाजात जन्मल्या. त्या समाजातल्या बायकांचं गाणं देवळात सगळ्यांना हवं होतं, मान द्यायला कुणी तयार नव्हतं. 1977 साली व्हॉयेजर यानांमधून जगभरातलं निवडक संगीत अंतराळात गेलं, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. यान सुटलं आणि काही दिवसांतच बाई गेल्या. आज आम्ही छाती फुगवून त्यांचं नाव सांगतो.

रेमोची आणि केसरबाईंची गायकी एका तागडीत घालायचा माझा विचार नाही. तुलना आमच्या कानांची चाललीय.

(दृश्य : जुनी पोस्टरं. सिनेमागृहाचा बंद दरवाजा.)

त्याचं सगळंच मला आवडतं असं नाही. काही इंग्रजी गाणी भाषणासारखी होतात. हिंदी सिनेमाने 1995 च्या ‘बॉम्बे’च्या हिंदी आवृत्तीत आणि 1998 च्या ‘प्यार तो होना ही था’मध्ये त्याचा आवाज तेवढा घेतला, उरलेला रेमो तिथे सापडत नाही. लोक मात्र त्याला तेवढ्यावरूनच ओळखतात, याचं वाईट वाटतं.

2007 ला पद्मश्री मिळाली. पुढे त्याने पोर्तुगालचं नागरिकत्व घेतल्याचं उघड झालं आणि पुन्हा वादळ उठलं. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचा कायदा तो हक्क देतो, आणि तो घेतलेले गोंयकार गावोगावी आहेत. मला ते रुचलं नाही, आजही रुचत नाही. 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, आमच्या घरी समई पेटते. पण त्याने चार पट्ट्यांवर जे रचलं, त्यातला एक सूरही त्या पासपोर्टामुळे खोटा पडत नाही.

(दृश्य : पुन्हा पेटी. आता घरातली. खिडकीतून पावसाचा आवाज.)

माझं मत बदललं ते वडिलांमुळेच. 1985 च्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये रेमोने गोव्याची जुनी कोकणी आणि पोर्तुगीज गाणी नव्याने गायली आहेत. वडील ऐंशीच्या घरात आले तेव्हा एका दुपारी ती मी मोबाइलवर लावली होती. ते आतून आले. मी बंद करायला गेलो, तर म्हणाले, ‘राव रे, आसूं दे.’ थांब, असू दे.

एक संथ गाणं दोनदा ऐकलं. मग पेटी ओढली, भाता सोडला आणि चाचपडू लागले. गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद शुद्ध. ‘हय, किरवाणी रागच की हो,’ स्वतःशीच पुटपुटले. पण काहीतरी अडत होतं. एका बोटाने ते गाणं उभं राहीना. त्यात दोन गळे एकमेकांना धरून चालतात, एक वर, एक जरा खाली. साठ वर्षं भजनाची साथ केलेल्या त्या हाताने पहिल्यांदाच दोन पट्ट्या एकदम दाबल्या. सा आणि त्याच्यावरचा कोमल गंधार. थोडं थांबले. पुन्हा दाबल्या.

‘परत लाव बघू,’ म्हणाले. ‘खालचा आवाज नीट ऐकू दे मला.’