धागा तुटला की माग थांबला पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

इचलकरंजी-मालेगावच्या श्रोत्यांना माझं म्हणणं चटकन कळेल. धागा तुटलेला असताना माग चालत राहिला, तर पुढचं सगळं कापड वाया जातं. जपानच्या साकिची टोयोडांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग केला. पुढे त्याच घराण्याने टोयोटा हा मोटारींचा कारखाना काढला आणि ही रीत तिथेही नेली. गाड्या जोडण्याच्या लाइनवर हाताशी एक दोरी असते. बोल्ट नीट बसला नाही, की कामगार ती ओढतो. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. तेवढ्यात काम सुधारलं नाही, तर लाइन थांबते.

अशा टोयोटावर 2009 मध्ये नामुष्की ओढवली. ऑगस्टमध्ये अमेरिकेत, सॅन दिएगोजवळ, डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली लेक्सस, म्हणजे टोयोटाचीच महागडी गाडी, भरधाव सुटली आणि चार जीव गेले. गाडीत दुसऱ्याच मॉडेलचं जाड रबरी मॅट होतं. अ‍ॅक्सिलरेटर त्यात अडकला असावा, असं तपासात दिसलं. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. काही दिवस आधी तीच गाडी वापरलेल्या एका ग्राहकाने, पेडल मॅटमध्ये अडकतंय, असं गाडी परत करताना काउंटरवर सांगितलं होतं. त्याचं बोलणं तिथेच राहिलं. चार पैशांचं मॅट कुणी उचललं नाही.

पुढे जानेवारी 2010 मध्ये, दाबल्यावर नीट वर न येणाऱ्या पेडलसाठी अमेरिकेत 23 लाख गाड्या परत बोलावाव्या लागल्या. फेब्रुवारीत कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसले. आधी सुरक्षा, मग गुणवत्ता, मग संख्या हा आमचा क्रम विस्कटला, माणसं तयार होण्याआधीच आम्ही वाढलो, असं त्यांनी मान्य केलं. मार्चपासून गुणवत्तेसाठी जागतिक समिती बसली. तरीही या दोषांबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल 2014 मध्ये कंपनीला 120 कोटी डॉलर भरावे लागले. माझ्या मते कंपनीला पेडलपेक्षा ही लपवाछपवी जास्त महागात पडली.

मी स्वतः एका कारखान्यात बरीच वर्षं तपासणीला होतो. महिनाअखेर आली की वरून एकच सूर यायचा : "गाड्या बाहेर काढा, बाकीचं सर्व्हिसला बघतील." दाराच्या रबरात बोटभर फट दिसत असताना मीही शिक्का मारला आहे. पहिल्याच पावसात कुणाच्या तरी पायाशी पाणी साचलं असेल.

म्हणून व्यवस्थापकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. लाइनवरची ती दोरी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपर्यंत आणा. तिथल्या मुलीने एक तक्रार नोंदवली, तर ती डिझाइनच्या टेबलावर पोहोचू द्या.

आणि गाडीमालकांनो, आपल्याकडेही 2019 च्या कायदा दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळालाय. पण त्यासाठी तक्रार कागदावर यावी लागते. पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर, म्हणजे गाडीचं काम नोंदवतात त्या कागदावर, नुसतं 'जनरल चेकअप' लिहिलेलं दिसलं, तर सही करू नका. ब्रेक दाबल्यावर कुठून आणि कसा आवाज येतो, ते तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि त्याची प्रत घरी न्या.