फ्लॉइडच्या दुकानातला शुक्रवार

आधी हे बूट बघा. टाचेला पत्रा ठोकलाय, आणि पाय जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर जातोय. या नाचाला म्हणतात फ्लॅटफूटिंग. वर फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजतंय आणि खाली फळ्यांवर त्याचाच ठेका पडतोय, डोळे मिटून ऐका, वेगळा ढोलकीवाला लागतच नाही.

हे अमेरिकेत व्हर्जिनियातलं फ्लॉइड, ब्लू रिजच्या डोंगरातलं गाव, अख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, रस्त्यावरचा सिग्नल एकच. आणि हे फ्लॉइड कंट्री स्टोअर. १९८० च्या दशकात काही मंडळी इथे प्रॅक्टिसला जमायची, बाहेर लोक ऐकत थांबायला लागले, मग दारच उघडं ठेवलं. आता दर शुक्रवारी आधी गॉस्पेल, म्हणजे चर्चची भजनं, मग डान्स बँड सुरू झाला की आजोबा काय आणि नात काय, सगळे फ्लोअरवर.

आता हा हात. क्लॉहॅमर, बँजो या तारांच्या वाद्यावर वाजवायची पद्धत. तार बोटाने वर खेचायची नाही, नखाने खाली मारायची, आणि अंगठा त्या आखूड पाचव्या तारेवर. बँजो मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा, आधी भोपळ्याचाच करायचे, आपला तंबोरा आठवा. फिडल आलं स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या लोकांबरोबर. दोन्ही या डोंगरांत एकत्र वाजले, त्यातून ओल्ड-टाइम संगीत उभं राहिलं. पण १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या रेकॉर्ड वेगळ्या करून विकल्या आणि बँजो कुणाचा हेच लोक विसरले. हे सांगितल्याशिवाय या संगीताबद्दल बोलूच नये, असं मला मनापासून वाटतं.

जवळच गॅलॅक्स. तिथे १९३५ पासून फिडलवाल्यांचं संमेलन भरतं, आता ऑगस्टमध्ये, स्टेजवर स्पर्धा असते पण खरी मजा या तंबूंच्या मधे, अनोळखी माणसं गोल करून बसतात, एकजण धून धरतो, बाकीचे मागोमाग.

आणि ही पोरं. २००० साली शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात, स्पार्टा गावी, हेलन व्हाइट या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी ज्युनिअर अ‍ॅपलेशियन म्युझिशियन्स सुरू केलं. शाळा सुटली की फिडल, बँजो, गिटार. कागद समोर नाही, शिकवणारा एक ओळ वाजवतो, पोरं तीच उचलतात, परत, परत, आपल्याकडे समोर बसून तालीम घेतात अगदी तशी. आता बऱ्याच गावांत हे वर्ग चालतात. इथले फर्निचरचे, कापडाचे कितीतरी कारखाने बंद पडले, पोटापाण्यासाठी माणसं बाहेर गेली, तरी वर्ग चालू आहेत.

ही मुलगी बघा. फिडल पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि आता बूट चढवतेय.