नवतपा आणि सर्व्हरची खोली

नवतपा लागलाय, मे अखेरचे ते नऊ रणरणते दिवस. दुपारचे दोन, पारा 45 अंशांच्या पुढे. नागपूरच्या एका घरात खिडकीतला कूलर घरघरतोय. वाळ्याच्या ताटीवरून पाणी ठिबकतं, पंखा बाहेरची झळ त्या ओलीतून आत ओढतो, आणि खोलीत येते ती सुगंधी, गार हवा. एक लिटर पाणी उडून जाताना जवळपास दोन तृतीयांश युनिट उष्णता सोबत नेतं. हवा जितकी कोरडी, तितकं हे काम झपाट्यानं होतं.

(दृश्य : डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर नावाचे मोठे संगणक अहोरात्र चालतात ती इमारत. सर्व्हर रचलेल्या कपाटाची, म्हणजे रॅकची, मागची जाळी.)

इथे हात धरून बघा. हवा अंगावर येते ती तापलेली. सर्व्हर जी वीज खातो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. सर्व्हरचा भार एक मेगावॉट, म्हणजे 2 किलोवॉटचे 500 गिझर रात्रंदिवस चालू! ही उष्णता बाहेर काढायलाही वीज लागते. केंद्राला लागलेल्या एकूण विजेला संगणकांच्या विजेनं भागलं की ‘पीयूई’ मिळतो. तो 2 असेल, तर संगणकांना एक युनिट पुरवताना आणखी एक युनिट गारव्यात आणि इतर व्यवस्थेत जातं. उत्तम केंद्रांनी तो 1.1 च्या आसपास आणलाय.

खोली फ्रीजसारखी थंड ठेवायची गरजच नसते. ‘अ‍ॅश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे, सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंश. मग पहिली बचत कुठे? रॅकमधल्या रिकाम्या फटीत! तिथून मागची गरम हवा पुन्हा पुढे येते आणि केलेला गारवा फुकट जातो. एक साधी पट्टी लावून ती फट बुजवायची, रॅकपुढची थंड गल्ली आणि मागची गरम गल्ली वेगळी करायची. महागड्या यंत्रांआधी हे व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्या कोरड्या मे महिन्यात कूलरचंच तत्त्व इथेही चालतं. जुलैत मात्र नाही. पावसाळ्यात कूलर लावला की अंग कसं चिकचिकतं, हे प्रत्येक नागपूरकराला ठाऊक आहे. तेव्हा चिलर, म्हणजे फ्रीजच्या तत्त्वावर पाणी गार करणारं यंत्र, लागतंच. आणि उडवायचं पाणी पिण्याचं नको. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातंच आहे. वाट आपल्या शहराला माहीत आहे.

उरते ती वाया जाणारी उष्णता. स्टॉकहोममध्ये ती नळांतून घरं उबदार करते. पॅरिसमध्ये 2024 च्या ऑलिंपिकचा जलतरण तलाव शेजारच्या डेटा सेंटरनं तापवला. आपल्याला घर तापवायचं नाही. पण अंगणात वाळत घातलेली भिवापुरी मिरची अवकाळी पावसात भिजते, तेव्हा त्या घरात काय होतं? मिरची, हळद, संत्र्याची साल वाळवायला वाफ लागत नाही. 40 अंशांची कोरडी, वाहती हवा पुष्कळ होते. वाळवणीची शेड मात्र केंद्राला लागूनच हवी. कोमट हवा दूरवर नेणं परवडत नाही.

(दृश्य : केंद्राची गच्ची. फिरते पंखे.)

आज तीच हवा इथून वर सुटते, आणि शहराच्या नवतप्यात मिसळते.